‘टाकून दे, नवा घे’ म्हणणाऱ्यांसाठी

जुन्या गाडीचा गंजलेला भाग हातात घेऊन ‘हा घरच्या घरी कसा साफ करू?’ असं कुणी विचारलं, की शहाणपण शिकवणाऱ्यांची रांग लागते. ज्यांनी आयुष्यात कधी पाना धरलेला नाही, ते त्या रांगेत सगळ्यात पुढे. ‘व्हिनेगर? अहो, ते मंचुरियनमध्ये घालतात!’ ‘चिंचेनं देवाची भांडी घासा, गाडीचे पार्ट नाही घासत.’ ‘एवढा जीव काढण्यापेक्षा टाकून दे ना, नवा घे!’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत लोकप्रिय. ते बोलायला ज्ञान लागत नाही, हात काळे करावे लागत नाहीत, आणि आपला खिसा सैल आहे हेही समोरच्याला परस्पर कळवून होतं.

हे मत त्यांच्याच बाजूनं नीट मांडायचं तर असं आहे. गंजलं ते संपलं. स्वयंपाकघरातल्या आंबट पाण्यानं लोखंडाचं काही भलं होत नाही. झालंच तर ते ॲसिड गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. नाही खाल्लं, तरी आठवड्यात गंज परत येतो. आणि हे सगळं खोटं ठरलं, तरी गाडी म्हणजे जिवाशी गाठ. तिथे असले प्रयोग करायचे नसतात. त्यासाठी कंपनीचं केमिकल असतं, कंपनीचा पार्ट असतो, कंपनीचा माणूस असतो. ऐकायला किती जबाबदार वाटतं! म्हणूनच यातलं एकेक वाक्य उचलून त्याच्याखाली काय आहे, ते पाहायला हवं.

‘नवा घे’ पासूनच सुरुवात करू. कुठून घ्यायचा? कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली फिएट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००१ मध्ये तिचं उत्पादन बंद पडलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात सेवेतून गेली. ॲम्बॅसेडर २०१४ मध्ये थांबली. अशा गाडीच्या दाराचं बिजागर, बंपरचा ब्रॅकेट, हँडब्रेकचा लिव्हर नाहीतर कार्बोरेटरची दांडी हवी असेल, तर एखाद्या चकचकीत शोरूमच्या काउंटरवर मागून बघा. तिथला मुलगा गाडीचं नाव दोनदा विचारेल. मग पावलं वळतात कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे, पुण्यात रविवार-बुधवारच्या जुन्या बाजाराकडे, दिल्लीत मायापुरीकडे, चेन्नईत पुदुपेटकडे. गंमत म्हणजे पद्मिनी ज्या कुर्ल्यात जन्मली, त्याच कुर्ल्यात तिचे सुटे अवयव ढिगानं विकले गेले. तिथे मिळणारा माल जुना असतो, तेलकट असतो आणि गंजलेला असतो. तो साफ करायचा की नाही, हा प्रश्नच तिथे नसतो. कशानं करायचा, एवढाच असतो.

आणि ज्याला नशिबानं एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर खोक्यातला, न वापरलेला पार्ट सापडतो, त्यानं ते खोकं जरा उघडून पाहावं. मुंबईच्या, कोकणच्या, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत पंचवीस वर्षं पडून असलेल्या त्या ‘नव्या’ पार्टवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं आणि त्याच्या खाली तांबूस ठिपके उमटलेले असतात. गंजाला पावती दाखवून थांबवता येत नाही.

आता ‘गंजलं ते संपलं’. गंज म्हणजे पाणी धरून बसलेला लोखंडाचा ऑक्साइड. ज्या लोखंडापासून तो बनतो, त्याच्या दुपटीहून जास्त जागा तो व्यापतो. म्हणून तो फुगतो, पापुद्रे धरतो आणि असतो त्याहून कितीतरी भयंकर दिसतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला घट्ट चिकटून पुढची झीज रोखतो; गंज तसा नाही, तो सच्छिद्र असतो आणि खालच्या लोखंडापर्यंत हवापाणी पोचू देतो. याचा सरळ अर्थ असा, की गंज वेळेत काढला नाही तर भाग खरोखरच संपेल. म्हणजे हा काढण्याच्या बाजूचा युक्तिवाद झाला. आमचे उपदेशक तो फेकण्याच्या बाजूनं वापरतात!

वरवरचा तांबूस थर, खड्डे पाडून आत शिरलेला गंज आणि आरपार गेलेला गंज या तीन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. पाच फुटांवरून तिन्ही सारख्याच दिसतात, आणि पाच फुटांवरूनच बोलायचं असेल तर तिन्हींना ‘भंगार’ म्हणणं सोयीचं पडतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडून पाहणारा, हातोडीनं हलकंच वाजवून आवाज ऐकणारा, व्हर्नियर लावून जाडी मोजणारा फिटर असं म्हणत नाही. तो आधी गंज उतरवतो आणि मग निर्णय देतो. कारण गंजाखाली तडा आहे की नाही, हे गंज असेपर्यंत दिसत नाही. साफ न करताच पार्टला मृत ठरवणं म्हणजे तपासण्याआधीच दाखला लिहिणं.

भंगार म्हणजे काय, हे मोठ्या कंपन्यांना तरी कळत असेल, अशी आशा करायला हरकत नाही. फ्रान्समधल्या रेनो कंपनीनं १९४९ पासून पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-र्वा इथल्या कारखान्यात जुनी इंजिनं आणि गिअरबॉक्स परत घेऊन, सुटे करून, धुऊन, मोजून, झिजलेलं तेवढं बदलून पुन्हा विकायला काढले, तेही हमी देऊन. आपल्याकडेही डायनॅमो, स्टार्टर, क्लचप्लेट ‘रिकंडिशन’ करून बसवलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत आणि त्यात बसणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा जुना गंजका पार्ट साफ करून वापरणं हा मागासलेपणा नाही. तो नावाजलेल्या कारखान्यांचा धंदा आहे. फरक इतकाच, की तिथे काम करणाऱ्याच्या अंगावर कंपनीचा युनिफॉर्म असतो.

मग उरतो खरा राग, आणि तो स्वयंपाकघरावर आहे. ‘घरगुती’ म्हटलं की यांचा चेहरा असा होतो, जणू कुणी इंजिनाला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. पण गंजाच्या कणाला समोरचं ॲसिड वाण्याच्या दुकानातून आलं की केमिकलच्या, हे कळायची काही सोय नाही. ज्या नव्या कोऱ्या गाडीचं कौतुक चाललेलं असतं, तिच्या अंगावरचा पत्रा पोलाद कारखान्यात ॲसिडच्या टाकीतून काढलेला असतो. गरम लाटलेल्या पत्र्यावरची काळी खपली उतरवण्यासाठी त्याला हायड्रोक्लोरिक ॲसिडची अंघोळ घालतात. ‘पिकलिंग’ म्हणतात त्याला. पुढे रंग लावण्याआधी त्याच पत्र्याचा गाडीचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे रंग नीट धरेल आणि गंज लांब राहील. हे पुण्याजवळच्या चाकणमध्ये झालं की तंत्रज्ञान, आणि आपल्या गच्चीवर बादलीत झालं की येडेपणा?

बाजारात ‘रस्ट रिमूव्हर’ म्हणून मिळणारी बाटली उलटी करून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेकदा फॉस्फोरिक ॲसिड असतं, कधी सायट्रिक. काही महागड्या बाटल्यांत लोखंडाचे कण पकडून ठेवणारं एखादं द्रव्य. सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं लिंबूसत्व. वाण्याकडे पुडीत मिळतं, सरबतात नि ढोकळ्यात पडतं. वाण्याकडचं पांढरं व्हिनेगर तर आपल्याकडे बहुधा ‘सिंथेटिक’ असतं, म्हणजे सरळ ॲसेटिक ॲसिड पातळ केलेलं, चार टक्क्यांच्या आसपास. (त्याला ‘नैसर्गिक उपाय’ म्हणणारे भाबडे वेगळे, त्यांच्याशी माझं भांडण दुसऱ्या दिवशी.) आणि हेच टीकाकार गंजलेल्या बोल्टवर कसलीही शंका न घेता जो डबा फवारतात, त्या डब्ल्यूडी-४० चं मूळ काम काय? १९५३ मध्ये अमेरिकेत ते बनलं पाणी हटवण्यासाठी, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात चाळीस. जाम झालेला नट सैल करायला ते बरं आहे, पण गंज विरघळवणं हे त्याचं काम नव्हे. डबा सुंदर असला की प्रश्न विचारायचे नसतात, असा काही नियम आहे का?

काम होतं कसं, ते सांगतो, म्हणजे हसणाऱ्यांना हसण्यासाठी तरी नेमकं काही मिळेल. आधी तेल आणि ग्रीस काढायचं. ॲसिड ग्रीसखाली पोचत नाही. भांडी घासायचा साबण नि गरम पाणी, जास्तच लडबडलेलं असेल तर डिझेलमध्ये ब्रश. (पूर्वी रॉकेल असे, ते मिळेनासं झाल्यापासून गॅरेजं डिझेलवर आली.) साध्या लोखंडाचा ब्रॅकेट, बिजागर, पाना, जॅकचा भाग व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवून रात्रभर ठेवला की सकाळी गंज काळपट चिखल होऊन तारेच्या ब्रशनं उतरतो. लिंबूसत्व लिटरमागे पन्नास ते शंभर ग्रॅम घातलं आणि पाणी गरम असलं, तर काही तासांत तेच काम होतं. यात जादू कुठेच नाही. ॲसिड ऑक्साइड विरघळवतं आणि सायट्रेट विरघळलेल्या लोखंडाला धरून ठेवतं, त्यामुळे ते परत बसत नाही.

लोखंडाचे कण पकडून ठेवण्याचं हेच काम साखर कारखान्याची मळी करते. विंटेज गाड्या दुरुस्त करणारे परदेशातले लोक मळी नऊ-दहा पट पाण्यात कालवून त्यात पार्ट दोन-तीन आठवडे सोडून देतात. वास असा येतो की शेजारी बोलणं टाकतील. पण चांगलं लोखंड जवळपास शाबूत राहतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसानं मळीला नाक मुरडावं, यासारखा विनोद नाही.

आणि हिरडा? सह्याद्रीतला हिरडा कातडं कमावायला जात आला तो त्यातल्या टॅनिनसाठी. हिरडा आणि लोखंडाचा क्षार एकत्र करून कापडावर काळा रंग चढवणं ही आपल्या देशातली फार जुनी विद्या. ‘रस्ट कन्व्हर्टर’ नावाच्या आधुनिक बाटलीत हेच टॅनिक ॲसिड असतं. तांबूस गंजाचं ते निळसर काळ्या टॅनेटमध्ये रूपांतर करतं आणि त्यावर प्रायमर बसतो. ज्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही, तिथे हे उपयोगी पडतं. कन्व्हर्टर विकत घ्यायला माझी हरकत नाही. मात्र तो घेऊन येताना रंगाऱ्याच्या विद्येला अडाणी म्हणू नये, एवढीच विनंती.

सगळ्यात हुकमी उपाय वीज. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजक्या पार्टला आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. पार्ट ऋण बाजूला असल्यामुळे त्याचं लोखंड विरघळत नाही. गंज सुटतो नि झिजते ती पट्टी. १८६२ साली बुडालेल्या अमेरिकेच्या ‘मॉनिटर’ या युद्धनौकेचा तोफबुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढला आणि न्यूपोर्ट न्यूजच्या संग्रहालयात त्याच्यावर याच तत्त्वानं काम झालं. तत्त्व संग्रहालयाला चालतं, आमच्या बादलीला चालत नाही? धन बाजूला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, क्लोरीन निघतो. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून हे उघड्यावर, ठिणगीपासून लांब करायचं. पेट्रोलच्या टाकीत तर अजिबात नाही. आणि तारा हलवण्याआधी चार्जर बंद.

‘ॲसिड लोखंडही खातं!’ हो, खातं. विसरून आठ दिवस ठेवलंत तर खाईलच. दूधही गॅसवर विसरलं तर जळतं. म्हणून दूध तापवणं अशास्त्रीय ठरत नाही. घड्याळ पाहायचं, मधून मधून पार्ट काढून बघायचा, गंज गेला की बाहेर. या आक्षेपात जो खरा धोका दडलाय, तो मात्र आक्षेप घेणाऱ्यांनाच माहीत नसतो. घाबरायचं ते लोखंडासाठी नाही, लोखंडाबरोबर बुडणाऱ्या दुसऱ्या धातूंसाठी. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट व्हिनेगरमध्ये टाकलात तर गंजाआधी मुलामाच जाईल. कार्बोरेटरचं अंग ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. ते रात्रभर आंबट पाण्यात ठेवलं की सकाळी खरबरीत झालेलं मिळेल, आणि धुण्याच्या सोड्यात टाकलं तर ॲल्युमिनियमचं आणखी वाटोळं. म्हणजे प्रश्न ‘घरगुती की कंपनीचं’ हा नव्हताच. ‘कुठल्या धातूवर काय’ हा होता. आणि कंपनीच्या बाटलीतलं फॉस्फोरिक ॲसिड जस्ताला ओवाळणार आहे, असं कुणी सांगितलं?

‘गंज परत येतो.’ या वाक्याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. उघडं लोखंड ओलं राहिलं की गंज येणारच. ते व्हिनेगरनं साफ केलेलं असो, वाळूच्या फवाऱ्यानं असो, नाहीतर टर्नरनं लेथवर आत्ताच उतरवलेलं असो. ॲसिडमधून काढलेला पार्ट धुऊन तसाच ठेवला, तर काही मिनिटांत त्याच्यावर केशरी झाक चढते आणि ती पाहून हे लोक विजयी हसतात. पुढच्या पायऱ्या केल्या का, हे विचारत नाहीत. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं ॲसिड मारायचं, गरम पाण्यानं धुवायचं म्हणजे लवकर सुकतं, उन्हात किंवा हेअर ड्रायरनं कोरडं करायचं आणि हाताला गरम लागतंय तोवर तेल नाहीतर रेडऑक्साइड. पार्ट फिरता असेल तर ग्रीस. हे न करता ‘गंज परत आला’ म्हणायचं, म्हणजे जेवून भांडी तशीच ठेवायची आणि सकाळी मुंग्यांबद्दल तक्रार करायची.

इथे आमच्याच बाजूच्या काही लोकांचाही समाचार घ्यायला हवा, कारण विरोधकांच्या हाती कोलीत देतात ते हेच. ‘व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा, बघा कसा फेस येतो!’ फेस येतो तो दोघं एकमेकांना संपवत असल्यामुळे. उरतं पाणी नि सोडियम ॲसिटेट. गंज शांतपणे जागेवर बसलेला असतो. सोडा नंतर धुवायला लागतो, आधी कालवायला नाही. दुसरे कोलावाले. कोलाच्या पेयात फॉस्फोरिक ॲसिड असतं खरं, पण इतकं थोडं, की पार्ट रात्रभर बुडवून शेवटी मिळतो तो किंचित उजळ आणि भरपूर चिकट. ते पैसे लिंबूसत्वात घाला. तिसरे सगळ्यात घातक, संडास साफ करायचं ॲसिड ओतणारे. त्यात हायड्रोक्लोरिक असतं. गंज झटक्यात जातो आणि लोखंडाच्या फटीत क्लोराइड मागे ठेवून जातो, ते पुढे दुप्पट वेगानं गंज आणतं. त्याच्या वाफेनं शेजारच्या फळीवरचे पानेसुद्धा लाल होतात. त्यात चुकून ब्लीच पडलं, तर क्लोरीन वायू. ही चूक गंजापुरती राहत नाही, छातीपर्यंत पोचते. कारखान्याच्या टाकीत हेच ॲसिड चालतं, कारण तिथे त्यात लोखंड वाचवणारी द्रव्यं घातलेली असतात, धुलाई आणि वाळवणी लगोलग होते, वाफ ओढून घेणारे पंखे असतात. ‘घरात आहे’ एवढ्यावरून कुठलीही बाटली उपायाला लायक ठरत नाही, तशी ती नालायकही ठरत नाही.

उलट, घरातल्या एका साध्या वस्तूला कुणी मानच देत नाही: पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल. पद्मिनीच्या क्रोमच्या बंपरवर तांबूस ठिपके येतात, ते मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या पोलादाचा गंज वर येऊन. त्यावर काथ्यासारखी तार घासली तर ओरखडे पडतात. फॉइलचा ओला बोळा क्रोमपेक्षा मऊ असतो, तो गंज उचलतो आणि क्रोमला धक्का लावत नाही. मुलामाच उडाला असेल, तर प्लेटिंगवाल्याकडे जा. ते फॉइलला जमणार नाही आणि कुठल्याही बाटलीलाही नाही.

राहिला जिवाचा मुद्दा. हा काढला की समोरचा गप्प बसतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी नि सगळ्यात मोठ्या आवाजात काढला जातो. मी गप्प बसणार नाही, कारण हा मुद्दा त्यांना वाटतो त्याहून गंभीर आहे आणि तो त्यांनी नीट वाचलेलाच नाही. कडक पोलाद ॲसिडमध्ये टाकलं किंवा विजेच्या बादलीत ऋण बाजूला लटकवलं, की हायड्रोजनचे अणू त्याच्या आत शिरतात आणि ते ठिसूळ होऊ शकतं. वरून चकाचक दिसणारा बोल्ट ताण येताच तुटतो, तोही कधी कधी कसून झाल्यावर काही तासांनी. म्हणूनच कारखान्यात मुलामा दिलेले कडक बोल्ट भट्टीत तासन्‌तास तापवून तो हायड्रोजन बाहेर घालवतात. कुठला बोल्ट कडक? डोक्यावर लिहिलेलं असतं. ८.८ असेल तर सहसा चिंता नाही, १०.९ असेल तर सावध, १२.९ असेल तर ॲसिडजवळ नेऊच नका. सस्पेन्शनच्या स्प्रिंग, व्हॉल्व्हच्या स्प्रिंग, टॉर्शन बार यांनाही हाच नियम. त्यांचा वरवरचा गंज ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं काढायचा, खड्डे दिसले तर बदलायचे.

आता सांगा, हा धोका व्हिनेगरचा झाला का? बाजारच्या ॲसिडी रिमूव्हरलाही तो तसाच लागू आहे. उपदेशक ‘घरगुती नको, केमिकल वापरा’ म्हणतात, तेव्हा ते १२.९ च्या बोल्टला एका ॲसिडमधून काढून दुसऱ्यात बुडवायला सांगत असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

ब्रेकचंही तसंच. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी जो तांबूस थर दिसतो, तो पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये पुसला जातो. त्यासाठी व्हिनेगरही नको आणि नवी डिस्कही नको. खोल गंज असेल तर निकाल लावते ती डिस्कवर कोरलेली किमान जाडी, किंवा ड्रमवर दिलेला कमाल व्यास. मोजमाप आत असेल तर लेथवर साफ करून चालतं, बाहेर गेलं तर भंगार. घासणाऱ्या पृष्ठभागाला गंज येऊ नये म्हणून तेल लावणाऱ्याला मात्र गॅरेजमध्ये पाऊल टाकू देऊ नये. ब्रेकची रबरं डिझेलमध्ये धुतली तर फुगतात. जुन्या लाइनरांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ड्रममधली धूळ हवेनं उडवायची नाही, ओलं करून पुसायची. बेअरिंगच्या गोळीवर किंवा वाटीत गंजाचा एक खड्डा जरी दिसला, तरी ते बेअरिंग गेलं. हे सगळं फेकायला मी तयार आहे. पण ते फेकण्याचं कारण तडा, झीज आणि मोजमाप आहे. ‘जुनं आहे’, ‘गंजलंय’, ‘लोक काय म्हणतील’ हे नाही.

आणि नवा म्हणजे सुरक्षित, ही खात्री कुणी दिली? आपल्या बाजारात नामांकित कंपनीच्या खोक्यात डुप्लिकेट माल मिळतो, हे स्पेअर पार्टच्या दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. दुकानदार स्वतःच विचारतो, ‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ पन्नास वर्षांपूर्वीचा, जाडजूड ओतीव, नीट साफ करून मोजलेला लिव्हर आणि कुठल्या पोलादाचा आहे याचा पत्ता नसलेला, वर काळा रंग फासलेला नवा लिव्हर, यांतला कुठला तुमच्या मुलाच्या गाडीत बसवाल? इथे मात्र ‘जिवाशी गाठ’ कुणाला आठवत नाही, कारण हातात खोकं असतं.

‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’ पार्ट रात्रभर बादलीत बुडून राहतो, तेव्हा तुम्ही झोपलेले असता. हाताचं काम उरतं तासाभराचं. तो तास नसेल तर नका करू. मेकॅनिकला पैसे द्या, तोही याच वस्तू वापरील. पण ज्याच्याकडे तो तास आहे, त्याला कंजूष म्हणून हिणवू नका. एक टन पोलाद बनवताना सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चांगला पार्ट भट्टीत वितळवून त्याचाच पुन्हा पार्ट बनवायचा, हे पर्यावरणप्रेमी म्हणवणाऱ्या माणसानं तरी म्हणू नये. आणि कंजुषीचंच बोलायचं, तर गाडीसाठी हौसेनं लाखांनी मोजणारा आणि वर दहा रुपयांच्या लिंबूसत्वाला हसणारा माणूस उदार कसा, हे मला अजून कळलेलं नाही. त्याला जुन्याची लाज वाटते, एवढंच दिसतं. ती लाज त्यानं इंजिनिअरिंगच्या नावावर खपवू नये.

बादलीतलं पाणी झाडांना किंवा गटारात ओतून मोकळं होणाऱ्यांना एक सूचना: त्यात तेल, जुना रंग आणि जस्त असू शकतं. ते साठवा, निवळू द्या, तळाचा चिखल वेगळा ठेवा, तेल जळक्या तेलाच्या डब्यात. हातमोजे आणि चष्मा आहेतच.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी गंजका ब्रॅकेट घेऊन तुमच्यासमोर आला, तर त्याला ‘टाकून दे’ म्हणण्याआधी विचारा, की हा गाडीचा कुठला भाग, धातू कुठला, बोल्टच्या डोक्यावर आकडा काय, गंज किती खोल. उत्तरं ऐकून ती समजत असतील, तर खुशाल सल्ला द्या आणि फेकायलाही सांगा. समजत नसतील, तर कृपा करून बाजूला व्हा आणि त्याला ती बादली भरू द्या.